चालत्या व्हर्च्युअल मशीनमधून मेमरी परत काढता यावी म्हणून: लिनक्स गेस्टसाठी सविस्तर मार्गदर्शन

चालू व्हर्च्युअल मशीनला मेमरी जोडणं आता कुणाला अवघड वाटत नाही. होस्टवर, म्हणजे खऱ्या यंत्रावर, दोन ओळी लिहिल्या की गेस्टमध्ये, म्हणजे त्यावर चालणाऱ्या व्हर्च्युअल मशीनमध्ये, लगेच आठ जीबी वाढलेली दिसते. अडचण येते ती परत घेताना. दुसऱ्या मशीनला जागा हवी असते, आपण काढण्याची आज्ञा देतो आणि काहीच घडत नाही. चूक झाल्याचा संदेश येत नाही, मेमरीही सुटत नाही. मग बहुतेक जण हायपरव्हायजरवर, म्हणजे व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, खापर फोडतात.

माझं ठाम मत आहे की बहुतेक वेळा मूळ कारण गेस्टच्या कर्नलमध्ये (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात) असतं, आणि तेही मेमरी जोडली त्या वेळचं. जोडलेली मेमरी कर्नलने कुठल्या झोनमध्ये (मेमरीच्या कुठल्या विभागात) घेतली, यावर ती पुढे सुटणार की अडकणार हे जवळजवळ ठरून जातं. त्यामुळे पुढे काढण्याइतकीच जागा मी जोडण्याला दिली आहे. उदाहरणं केव्हीएम आणि क्यूईएमयू या हायपरव्हायजर जोडीची, गेस्ट लिनक्सचा, प्रोसेसर ६४ बिटी एक्स८६. आर्म किंवा पॉवरवर आकडे बदलतात, तत्त्व तेच राहतं.

ऑफलाइन करणं आणि काढणं या दोन वेगळ्या गोष्टी

मेमरी ऑफलाइन करणं म्हणजे गेस्टच्या कर्नलने तिथली सगळी पानं (मेमरीचे लहान ठरावीक तुकडे) दुसरीकडे हलवून तो भाग वापरातून बाद करणं. यात होस्टला काहीही परत मिळत नाही. क्यूईएमयूच्या प्रोसेसने ती पानं अजूनही धरलेली असतात. त्यानंतरची पायरी म्हणजे प्रत्यक्ष काढणं. कर्नल त्या भागाचा स्वतःच्या पत्त्यांतला नकाशा पुसतो, पानांच्या नोंदी मोडतो, सिसएफएसमधलं (कर्नलची माहिती फाइलींच्या रूपात दाखवणाऱ्या जागेतलं) फोल्डर नाहीसं होतं आणि एसीपीआयच्या (हार्डवेअर आणि ऑपरेटिंग सिस्टिम यांच्यातल्या संवादाच्या मानकाच्या) इजेक्ट पद्धतीने होस्टला 'आता घ्या' असं कळवलं जातं. त्यावर होस्टनेही मागची मेमरी सोडून द्यावी लागते. गेस्टमध्ये ऑफलाइन केलं आणि होस्टवर जागा मोकळी झाली नाही अशी तक्रार वारंवार ऐकू येते. तिथे पहिली पायरीच झालेली असते, पुढच्या दोन राहिलेल्या असतात.

अजून एक मर्यादा आधीच लक्षात घ्या. मशीन सुरू करताना दिलेली मूळ मेमरी गेस्टमध्ये ऑफलाइन करता येईलही, पण क्यूईएमयूमध्ये ती काढून घेता येत नाही. काढायची मेमरी वेगळं उपकरण म्हणूनच जोडलेली हवी.

ब्लॉकचा हिशोब

कर्नल मेमरीकडे ब्लॉकच्या मापाने बघतो. एक्स८६ वर लहानातला लहान ब्लॉक १२८ एमबीचा. सिसएफएसमध्ये डिव्हाइसेस, सिस्टिम, मेमरी या वाटेवर 'ब्लॉक_साइज_बाइट्स' नावाची फाइल आहे. त्यात ८०००००० दिसलं तर तो सोळाच्या पायातला आकडा आहे, म्हणजे १२८ एमबी. मूळ मेमरी ६४ जीबी किंवा जास्त असेल तर ब्लॉक मोठा निवडला जातो, तो २ जीबीपर्यंत जाऊ शकतो. म्हणून मोठ्या मशीनवर गृहीत धरू नका, फाइल वाचा.

एक उदाहरण घेऊन बघू. क्यूईएमयूचं क्यू३५ प्रकारचं मशीन, मूळ मेमरी ४ जीबी. यातली २ जीबी सुरुवातीपासून मांडली जाते आणि उरलेली २ जीबी ४ जीबीच्या रेषेच्या वर. त्यामुळे 'एलएसमेम' ही ब्लॉकची यादी दाखवणारी कमांड चालवल्यावर ब्लॉक ० ते १५ दिसतात, मग एकदम ३२ ते ४७. मधली पोकळी पीसीआय वगैरे उपकरणांसाठी आहे, काही हरवलेलं नाही. आता ८ जीबीची डिम (वेगळं उपकरण म्हणून जोडायची आभासी मेमरीपट्टी) जोडली की ती ६ जीबीच्या पत्त्यावर बसते. ६ जीबी भागिले १२८ एमबी म्हणजे ४८. डिममध्ये ६४ ब्लॉक असतात, म्हणून नवे ब्लॉक ४८ ते १११. डिम काढायची तर हे ६४ च्या ६४ ब्लॉक ऑफलाइन व्हावे लागतात. त्रेसष्ट मोकळे झाले आणि एका ब्लॉकमध्ये कर्नलचं एकच न हलणारं पान उरलं, तरी पूर्ण ८ जीबी जागची हलत नाही.

झोन: सगळा खेळ इथे आहे

प्रोग्रॅमची खासगी मेमरी आणि फाइलींचा पेज कॅश ही हलवता येणारी पानं. कर्नल त्यांची प्रत दुसरीकडे करतो, पेज टेबलातली (कुठलं पान कुठे आहे त्या तक्त्यातली) नोंद बदलतो, प्रोग्रॅमला पत्ताही लागत नाही. पण कर्नलची स्वतःची पानं अशी हलत नाहीत. स्लॅबमधल्या (कर्नलच्या लहान लहान वस्तूंच्या साठ्यातल्या) वस्तू, पेज टेबलं, कर्नलचे स्टॅक, ड्रायव्हरने घेतलेली बफरं यांच्याकडे कर्नलच्या कोडमधून थेट पत्त्याने बोट दाखवलेलं असतं. असे पत्ते शोधून बदलण्याची सोय नाही.

म्हणून कर्नलने मूव्हेबल झोन ठेवला आहे. त्यात फक्त हलवता येतील अशीच पानं दिली जातात. नॉर्मल झोनमध्ये दोन्ही प्रकार येतात, आणि न हलणारं पान कुठल्या ब्लॉकमध्ये जाऊन बसेल याची खात्री नसते. नवी मेमरी जोडल्यावर ब्लॉकच्या 'स्टेट' फाइलमध्ये आपण काय लिहितो त्यावर झोन ठरतो. 'ऑनलाइन_मूव्हेबल' लिहिलं तर मूव्हेबल, 'ऑनलाइन_कर्नल' लिहिलं तर नॉर्मल. नुसतं 'ऑनलाइन' लिहिलं तर कर्नल चालू धोरण आणि शेजारचे ब्लॉक बघून ठरवतो. वेगळं काही सांगितलेलं नसेल तर पहिल्यांदा जोडलेली मेमरी साधारणपणे नॉर्मलमध्ये जाते. आज जी मेमरी सुटत नाही, ती बहुधा अशीच नॉर्मलमध्ये गेलेली असते.

मग सगळंच मूव्हेबल का करू नये? कारण कर्नलला स्वतःसाठीही जागा लागते, आणि ती जोडलेल्या मेमरीबरोबर वाढत जाते. प्रत्येक ४ केबी पानामागे ६४ बाइटची नोंद असते. म्हणजे १२८ एमबीच्या ब्लॉकमागे २ एमबी आणि ६४ जीबीमागे पूर्ण १ जीबी. मूळ मेमरी ४ जीबीच असेल तर जोडता क्षणीच तिचा चौथा हिस्सा या नोंदींत जातो.

पेज टेबलांचा भार त्याहून फसवा असतो. एखाद्या डेटाबेसची सामाईक मेमरी १६ जीबी आहे आणि १०० प्रोसेस ती पूर्ण वापरतात असं धरा. साध्या ४ केबी पानांवर एका प्रोसेसचं पेज टेबल ३२ एमबी होतं, शंभरांचं ३ जीबीच्या वर. हे सगळं नॉर्मलमधून जातं. परिणाम असा की मूव्हेबलमध्ये वीस-तीस जीबी रिकामी असताना ओओएम किलर (मेमरी संपली की प्रोसेस बंद करणारी कर्नलची यंत्रणा) डेटाबेसची प्रोसेस मारतो. 'डीमेसग'मध्ये, म्हणजे कर्नलच्या संदेशांमध्ये, झोननिहाय आकडे बघितले की हे लगेच ओळखू येतं: नॉर्मलची मोकळी मेमरी किमान रेषेखाली, मूव्हेबलची भरपूर. अशा डेटाबेसला २ एमबीची ह्यूज पेज दिली की पेज टेबलांचा हा भार जवळजवळ नाहीसा होतो.

नॉर्मलच्या एका भागाला मूव्हेबलचे तीन भाग, फार तर चार, एवढ्यावर थांबा. याच्या पुढे जायचं असेल तर कामाचा भार नीट मोजूनच.

पायरी १: गेस्टचा कर्नल तपासा

कर्नलच्या कॉन्फिगमध्ये मेमरी_हॉटप्लग आणि मेमरी_हॉटरिमूव्ह हे दोन्ही पर्याय चालू हवेत. डिमसाठी एसीपीआय_हॉटप्लग_मेमरी, आणि व्हर्टआयओ-मेम (डिमला पर्याय असलेलं उपकरण, त्याबद्दल पुढे) वापरायचं तर व्हर्टआयओ_मेम. मोठ्या वितरणांच्या सर्व्हर कर्नलमध्ये हे सहसा असतं. स्वतः बांधलेल्या छोट्या कर्नलमध्ये हॉटरिमूव्ह हमखास राहून जातं.

प्रत्येक ब्लॉकच्या फोल्डरमध्ये 'रिमूव्हेबल' नावाची फाइल आहे, तिच्यावर विसंबू नका. एके काळी ती ब्लॉक सुटेल का याचा अंदाज सांगायची. आताच्या कर्नलमध्ये कर्नलला ऑफलाइन करण्याची सोय आहे एवढंच ती सांगते. सगळीकडे १ दिसणार, आणि त्यावरून काहीही कळणार नाही. जुन्या स्क्रिप्ट अजूनही ही फाइल वाचून निर्णय घेतात. त्या बदला. त्याऐवजी 'व्हॅलिड_झोन्स' वाचा, किंवा 'एलएसमेम'ला झोनचा रकाना दाखवायला सांगा.

पायरी २: जोडण्याआधी धोरण ठरवा

'ऑटो_ऑनलाइन_ब्लॉक्स' या फाइलमध्ये 'ऑनलाइन_मूव्हेबल' लिहिलं की पुढे येणारा प्रत्येक ब्लॉक आपोआप मूव्हेबलमध्ये जातो. मशीन पुन्हा सुरू झाल्यावरही हे टिकावं म्हणून बूट पॅरामीटरमध्ये 'मेमएचपी_डिफॉल्ट_स्टेट'ला तीच किंमत द्या. मूळ मेमरी पुरेशी मोठी आणि जोडायची मेमरी तिच्या तिपटीच्या आत असेल तर हा मार्ग सरळ आणि चांगला.

किती मेमरी जोडली जाईल हे आधी माहीत नसेल तर लिनक्स ५.१५ पासून आलेलं 'ऑटो-मूव्हेबल' धोरण वापरा. ते मेमरी_हॉटप्लग मॉड्यूलच्या 'ऑनलाइन_पॉलिसी' पॅरामीटरने चालू होतं आणि गुणोत्तर स्वतः सांभाळतं. मूळ गुणोत्तर ३०१ टक्के आहे, म्हणजे ४ जीबी कर्नल मेमरीमागे सुमारे १२ जीबी मूव्हेबल. यासाठी ब्लॉक नुसत्या 'ऑनलाइन'ने चालू व्हायला हवेत. 'ऑनलाइन_मूव्हेबल' लिहिलंत तर धोरण बाजूला पडतं.

युडेव्हचे, म्हणजे नवं उपकरण दिसताच ठरलेलं काम करणाऱ्या यंत्रणेचे, नियमही बघून घ्या. काही वितरणांमध्ये नवा ब्लॉक दिसताच त्याला 'ऑनलाइन' करणारा नियम आधीच लिहिलेला असतो. आपण सावकाश मूव्हेबल लिहायला जातो तोवर ब्लॉक नॉर्मलमध्ये चालूही झालेला असतो. असा नियम सापडला तर काढा किंवा बदला.

डिम वापरणार असाल तर 'मेममॅप_ऑन_मेमरी' हे मॉड्यूल पॅरामीटर उपयोगी आहे. ते चालू असलं की पानांच्या नोंदी जोडलेल्या ब्लॉकमध्येच ठेवल्या जातात, मूळ मेमरीवर भार येत नाही. ब्लॉक गेला की नोंदीही त्याच्याबरोबर जातात.

पायरी ३: डिम जोडा, लहान लहान

क्यूईएमयू सुरू करतानाच 'एम' पर्यायात मूळ मेमरी, 'स्लॉट्स' आणि 'मॅक्समेम' द्यावे लागतात. हे नंतर बदलत नाहीत. चालू मशीनवर आधी 'ऑब्जेक्ट_ॲड'ने मेमरीचा बॅकएंड तयार करा आणि मग 'डिव्हाइस_ॲड'ने 'पीसी-डिम' जोडा. लिबव्हर्ट (व्हर्च्युअल मशीन सांभाळणारं साधन) वापरत असाल तर 'व्हर्श'च्या 'अटॅच-डिव्हाइस'ने हेच होतं. तिथे मात्र गेस्टच्या वर्णनात नुमा नोड (प्रोसेसर आणि त्याच्या जवळची मेमरी यांचा गट) मांडलेला लागतो.

८ जीबी हवी म्हणून ८ जीबीची एकच डिम जोडू नका. एक एक जीबीच्या आठ जोडा. एखाद्या ब्लॉकमध्ये पान अडकलं तर एक जीबी अडकेल, बाकीच्या सात सुटतील. स्लॉटची कमाल संख्या २५६ आहे, त्यामुळे नेहमीच्या आकारांना स्लॉट कमी पडत नाहीत.

जोडल्यावर लगेच 'एलएसमेम'मध्ये झोन तपासा. ब्लॉक ४८ पासून पुढे मूव्हेबल दिसायला हवं. नॉर्मल दिसलं तर आत्ताच ऑफलाइन करून पुन्हा मूव्हेबलमध्ये ऑनलाइन करा. ताज्या मेमरीत फारसं काही साठलेलं नसतं, हे सहसा जमतं. महिनाभर काम झाल्यावर जमेलच असं नाही.

पायरी ४: काढा, पण आधी गेस्टमधून

होस्टवरून थेट 'डिव्हाइस_डेल' दिलं तर एसीपीआयमार्फत विनंती गेस्टकडे जाते आणि कर्नल स्वतः ब्लॉक ऑफलाइन करायला घेतो. हे काम कर्नलच्या आतल्या वर्करमध्ये चालतं. पानं हलत नसतील तर कर्नल पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहतो, आणि त्या वर्करला बाहेरून सिग्नल देऊन थांबवता येत नाही. म्हणून मी सुचवतो ती वाट अशी: आधी गेस्टमध्ये हाताने ऑफलाइन करा, सगळं मोकळं झाल्याची खात्री करा, मगच होस्टवरून उपकरण काढा.

सुरुवातीला मेमइन्फोमध्ये 'मेमअव्हेलेबल' बघा. जेवढी काढायची त्यापेक्षा बरीच जास्त उपलब्ध हवी, कारण हलवलेली पानं कुठेतरी मावली पाहिजेत. कॅश फार फुगलेला असेल तर 'ड्रॉप_कॅशेस' वापरून तो हलका करता येतो. हलवण्याचं काम कमी होतं, पण नंतर काही वेळ डिस्क जास्त वाचली जाईल, म्हणून गर्दीच्या वेळी नको.

मग 'सीएचमेम' या कमांडला बंद करण्याचा पर्याय आणि ब्लॉकची रेंज द्या, उदाहरणार्थ १०४ ते १११. ही वरच्या टोकाची एक जीबीची डिम झाली. कमांडच्या आधी 'टाइमआउट' लावून एक-दोन मिनिटांची मुदत घाला. मुदत संपली की सिग्नल जातो, कर्नल प्रयत्न सोडतो आणि चालू असलेला ब्लॉक पूर्ववत ऑनलाइन राहतो. एकच नुमा नोड असेल तर एका ब्लॉकमधून हललेली पानं शेजारच्या, पुढे काढायच्याच ब्लॉकमध्ये जाऊन बसू शकतात आणि पुन्हा हलवावी लागतात. मोठी मेमरी काढायला वेळ लागतो तो काहीसा यामुळे.

आठही ब्लॉक ऑफलाइन झाले की होस्टवर 'डिव्हाइस_डेल'. ही आज्ञा लगेच परतते, पण त्याचा अर्थ काम झालं असा नाही. क्यूएमपीवर (क्यूईएमयूशी बोलण्याच्या वाहिनीवर) 'डिव्हाइस_डिलीटेड' ही घटना येईपर्यंत थांबा. गेस्टने नकार दिला तर त्याचीही घटना येते. यश आल्यावर 'ऑब्जेक्ट_डेल'ने बॅकएंड काढा. खरी मेमरी होस्टला मिळते ती इथे. स्वयंचलित स्क्रिप्टमध्ये ही शेवटची ओळ विसरणं फार सोपं आहे.

अडलं तर काय वाचायचं

'डीमेसग' उघडा. ऑफलाइन फसल्याच्या ओळीत पत्त्यांची रेंज आणि कारण दोन्ही असतात. 'अनमूव्हेबल पेज' असं कारण असेल तर ब्लॉकमध्ये कर्नलचं पान आहे, आणि मशीन पुन्हा सुरू केल्याशिवाय ते सुटेल याची आशा कमी. मूव्हेबल झोनमध्ये हे सहसा दिसू नये. दिसलं तर ब्लॉकचा झोन पुन्हा तपासा. 'सिग्नल बॅकऑफ' म्हणजे मुदत संपली एवढंच. तिथे थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करण्यात अर्थ आहे.

'मायग्रेशन फेल्युअर' असेल तर कर्नल त्या पानाचा तपशील छापतो. रेफकाउंट (पान एकूण किती जणांनी धरलंय) आणि मॅपकाउंट (पेज टेबलांत त्याच्या किती नोंदी आहेत) हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. पेज टेबलांतून जेवढे दुवे आहेत त्यापेक्षा रेफकाउंट बराच जास्त असेल तर कुणीतरी ते पान तात्पुरतं धरून ठेवलंय, बहुधा चालू असलेल्या इनपुट-आउटपुटसाठी. पान फाइलचं असेल तर फाइल सिस्टिमचा मागमूसही तिथे मिळतो. तेवढ्याने भागलं नाही तर चाचणीच्या मशीनवर 'पेज_ओनर' बूट पॅरामीटर चालू करा. पान कुठल्या कोडने घेतलं तो पूर्ण माग मिळतो. वेग कमी होतो, म्हणून कायम चालू ठेवू नका.

एमलॉक केलेली, म्हणजे मेमरीतच राहावीत म्हणून कुलूप लावलेली, पानं हलत नाहीत असा समज पसरलेला आहे. ती स्वॅप होत नाहीत, हलवता मात्र येतात. २ एमबीची ह्यूज पेजही हलतात, फक्त दुसरीकडे तेवढंच मोठं पान मिळायला हवं.

ड्रायव्हर लिहिणाऱ्यांसाठी थोडं

कर्नल मॉड्यूल लिहीत असाल तर हे नियम पाळा. आपल्या पानांचं स्थलांतर खरोखर हाताळत नसाल तर मेमरीच्या मागणीत मूव्हेबलचा जीएफपी ध्वज (कशी मेमरी हवी ते सांगणारी खूण) लावू नका. तो खोटा ध्वज पुढे दुसऱ्या कुणाची तरी डिम अडकवतो. वापरकर्त्याची पानं दीर्घकाळ पिन करायची (जागेवर अडकवून ठेवायची) असतील तर 'फॉल_लाँगटर्म' द्या. मग कर्नल ती आधी मूव्हेबलमधून बाहेर हलवतो आणि नंतर पिन करतो. पत्त्यांच्या रेंजवर काही माहिती साठवत असाल तर मेमरी नोटिफायरला नोंदणी करा. ऑफलाइन होण्याआधी 'गोइंग_ऑफलाइन' हा इशारा येतो, तिथे आपली जागा मोकळी करावी. प्रयत्न फसला तर 'कॅन्सल_ऑफलाइन' येतो, आणि तो हाताळणं अनेक जण विसरतात.

व्हर्टआयओ-मेम: नवं काही उभं करत असाल तर हेच

लिनक्स ५.८ आणि क्यूईएमयू ५.१ मध्ये, दोन्ही २०२० साली, व्हर्टआयओ-मेम आलं. रेड हॅटच्या डेव्हिड हिल्डेनब्रँड यांचं हे काम. इथे डिम नाहीत, एकच उपकरण आहे. त्याचा कमाल आकार आधी ठरतो आणि होस्ट 'रिक्वेस्टेड-साइज' बदलत राहतो. गेस्टचा ड्रायव्हर त्या आकड्यापर्यंत पोचण्याचा प्रयत्न करतो. देवाणघेवाण १२८ एमबीच्या पूर्ण ब्लॉकची नसते, २ किंवा ४ एमबीच्या तुकड्यांची असते. त्यामुळे एक पान अडकलं म्हणून सगळं अडकत नाही. जेवढं सुटेल तेवढं होस्टला लगेच मिळतं, उरलेल्यासाठी ड्रायव्हर थोड्या थोड्या वेळाने स्वतःच पुन्हा प्रयत्न करतो.

होस्टवर 'क्यूओएम-सेट'ने किंवा लिबव्हर्टच्या 'अपडेट-मेमरी-डिव्हाइस'ने आकडा बदला, आणि 'इन्फो मेमरी-डिव्हाइसेस'मध्ये मागितलेला व प्रत्यक्ष आकार दोन्ही बघा. दोन्हींत फरक राहिला तर गेस्ट अजून झगडतोय असं समजा. गेस्टमध्ये ब्लॉक आपोआप ऑनलाइन होण्याची सोय हवीच. नसेल तर ऑफलाइन ब्लॉक साचत जातात आणि ड्रायव्हर पुढची मेमरी जोडणं थांबवतो. झोनचा नियम इथेही लागू आहे. नॉर्मलमध्ये ऑनलाइन केलेल्या ब्लॉकमधून काही तुकडे सुटतील, पण न हलणारी पानं पसरली की फार थोडे.

व्हर्टआयओ-बलून हा जुना भाऊबंद वेगळा आहे. तो मेमरी काढत नाही, गेस्टची मोकळी पानं अडवून ठेवतो आणि होस्टला देतो. नुमाचं भान त्याला नाही. व्हीएफआयओने खरं उपकरण गेस्टला दिलेलं असेल तर क्यूईएमयू बलून निष्प्रभ ठेवतं. व्हर्टआयओ-मेम अशा गेस्टमध्येही चालवता येतं.

मेमरी बदलल्यानंतरची दोन कामं

लाइव्ह मायग्रेशन करायचं असेल तर दुसऱ्या होस्टवरच्या क्यूईएमयूला आत्ता जोडलेल्या डिम जशाच्या तशा सांगाव्या लागतात, पत्त्यांसकट. लिबव्हर्ट हे सांभाळतं. हाताने लिहिलेल्या स्क्रिप्ट असतील तर त्या तपासा.

आणि केडम्प, म्हणजे कर्नल कोसळला तर मेमरीची प्रत (डम्प) जपणारी सोय. त्यासाठीचा क्रॅश कर्नल लोड होतो तेव्हा त्याला त्या वेळच्या मेमरीचा आराखडा दिलेला असतो. नंतर ब्लॉक आले-गेले तर तो आराखडा शिळा होतो, आणि कर्नल कोसळलाच तर डम्प अर्धवट निघतो किंवा नसलेल्या मेमरीला हात लावतो. लिनक्स ६.६ पासून क्रॅश_हॉटप्लग हा पर्याय चालू असेल, आणि केडम्पची साधनंही त्याला साथ देणारी असतील, तर कर्नल हा आराखडा स्वतः ताजा करतो. त्याआधीच्या कर्नलवर मेमरी ब्लॉकच्या प्रत्येक बदलाला केडम्प पुन्हा लोड करणारा युडेव्ह नियम लागतो. तो आहे का हे बघा, आणि चाचणीच्या मशीनवर एक डिम काढून सिसआरक्यूच्या 'सी'ने मुद्दाम क्रॅश करून डम्प नीट उघडतो याची खात्री करा.